शकुंतला आगगाडीवरील कामगारांच्या आठवणी : एका अलिखित साधनाचा विचार

ऐतिहासिक साधन म्हटलें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रथम कागद उभा राहतो. बखर, महजर, शकावली, ताम्रपट, पोथीची पुष्पिका हीं आपलीं नेहमींचीं साधनें. परंतु यवतमाळ जिल्ह्यांत एक साधन असें आहे कीं जें कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावर ज्यांनीं वाफेचीं इंजिनें चालविलीं, त्यांच्या भट्ट्या पेटविल्या व त्यांस कोळसा-पाणी दिलें, त्या निवृत्त कामगारांच्या आठवणी हें तें साधन होय. तें कसें वाचावें, त्यांत ग्राह्य काय व शंकास्पद काय, आणि तें आजच कां टिपून घेतलें पाहिजे, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम या मार्गाची थोडक्यांत हकीकत देतों. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळ व बडनेरा यांवरून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें तेथील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेना, आणि वऱ्हाडी कापसास अपूर्व महत्त्व आलें. तथापि कारंजा, दारव्हा व यवतमाळ हा कापसाचा मुलूख मुख्य मार्गाच्या दक्षिणेस दूर राहिला होता. येथील कापूस मूर्तिजापूरच्या स्थानकावर आणून पुढें मुंबईस पाठविण्यासाठीं अरुंद मार्गाची योजना झाली. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीनें १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभारली, आणि त्या दशकांत मूर्तिजापुराहून दक्षिणेस यवतमाळपर्यंत सुमारें ११३ किलोमीटर व उत्तरेस अचलपूरपर्यंत सुमारें ७६ किलोमीटर असे दोन फांटे तयार झाले. रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचें मापहि हेंच होतें.

कंपनीनें मार्ग बांधला, तरी गाड्या चालविण्याचें काम कराराप्रमाणें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे होतें, व १९५१ सालीं मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर तें तिच्याकडे आलें. या गाडीस लोकांनीं ‘शकुंतला’ हें नांव दिलें व तेंच रूढ झालें. १५ एप्रिल १९९४ रोजीं वाफेचें इंजिन जाऊन त्याच्या जागीं डिझेल इंजिन आलें. पुढें गाडीहि बंद पडली, आणि आज रुळांवर गवत वाढलेलें दिसतें. इकडे २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्धा ते कळंब या रुंद मार्गाचें उद्घाटन होऊन जिल्ह्यांत नवी आगगाडी येऊं लागली आहे. नवा मार्ग आला म्हणजे जुन्याची आठवण लवकर पुसते, हा नित्याचा अनुभव आहे.

आतां वयाचा हिशेब पाहावा. १९९४ सालीं रेल्वेंतील निवृत्तीचें वय ५८ होतें. त्या वर्षीं जो ड्रायव्हर निवृत्त झाला, तो हयात असल्यास आज नव्वदीच्या घरांत आहे. त्या वेळीं जो तीस वर्षांचा फायरमन होता, तोहि आज साठी ओलांडून गेला. वाफेच्या इंजिनावर ज्यांनीं सबंध नोकरी केली अशीं माणसें फार थोडीं उरलीं असणार. पोथीस कसर लागली तर निदान अर्धी पोथी हातीं येते. येथें माणूस गेला कीं सर्वच गेलें.

या आठवणींत नेमकें काय असतें? एक अनुभव सांगतों. यवतमाळ येथें एका वृद्ध फायरमनास आम्हीं प्रथम विचारलें कीं आपण नोकरीस कोणत्या सालीं लागलां. ते म्हणाले, “साल नाही आठवत, गुरुजी.” दुसरा, तिसरा प्रश्नहि असाच वायां गेला. मग आम्हीं विचारलें कीं भट्टींत कोळसा कसा टाकीत असत. त्याबरोबर ते खुर्चीवरून उठले, पाय रोवून उभे राहिले आणि हातांत फावडें नसतांना कोळसा पसरण्याची क्रिया करून दाखवूं लागले. “मंधात कमी, कोपऱ्यात जास्त. धूर काया निघाला का समजा कोयसा वाया चालला.” पुढें अर्धा तास ते बोलत होते, व त्यांतील एकहि वाक्य आम्हांस निरर्थक वाटलें नाहीं.

कारण हें इंजिनाच्या रचनेंतच आहे. पाण्याची वाफ झाली म्हणजे मोकळ्या हवेंत ती पाण्याच्या सोळाशेंहून अधिक पट जागा व्यापते. तिला बॉयलरांत कोंडून तिच्या दाबानें दट्ट्या मागेंपुढें ढकलावयाचा, हें या यंत्राचें मूळ तत्त्व. काम करून सुटलेली वाफ धुराड्यांतून जोरानें वर जाते व तिच्या ओढीनें भट्टींत ताजी हवा खेचली जाते. म्हणून इंजिनास जितकें ओझें अधिक, तितकी आगहि अधिक प्रखर. दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनांत चाकाच्या एका फेऱ्यास असे चार फुत्कार होतात. ते चारहि सारखे पडले तर यंत्र ठीक. एखादा लंगडा पडला तर वाफ सोडणाऱ्या झडपांत दोष. हा दोष ड्रायव्हर कानानें ओळखीत असे. कोळशाचा थर जाड झाला तर धूर काळा येतो, आणि फार पातळ झाला तर थंड हवा आंत शिरून वाफेचा दाब उतरतो. बॉयलरांतील पाण्याची पातळी एका काचेच्या नळींत दिसते. तिजवर नजर ठेवण्यांत कसूर झाली तर प्राणांशीं गांठ. भट्टीच्या माथ्यांत शिशाचा डाट बसविलेला असतो. पाणी फार खालीं गेलें कीं शिसें वितळून वाफ भट्टींत उतरते व धोक्याची सूचना मिळते. दाब कोणत्या क्षणीं उतरूं लागेल, चढावर वाळू केव्हां सोडावी, कोणता कोळसा लवकर राख होऊन जाळीस चिकटतो, या गोष्टी पुस्तकांत फार थोड्या येतात. त्या शरीरास ठाऊक असतात, आणि शरीर त्या सहसा विसरत नाहीं.

येथें आपल्या शास्त्रांतील प्रमाणविचार उपयोगीं पडतो. कामगारानें स्वतः केलेलें व पाहिलेलें सांगितलें तर तें प्रत्यक्ष. कसें केलें हें सांगण्यांत त्याचें प्रत्यक्ष बहुधा विश्वसनीय, केव्हां केलें हें सांगण्यांत मात्र दुर्बल. त्यानें वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलें शब्दप्रमाण. तें सांगणारा आप्त किती, हें तपासून घ्यावें. वर्तमानपत्रांत वाचून पुढें आपलेंच म्हणून सांगितलेलें तिसरें. त्यास स्वतंत्र पुरावा समजूं नये. मुलाखतींत हे तिन्ही थर एकमेकांत मिसळून येतात. ते वेगळे करणें हेंच संशोधकाचें काम.

दोन उदाहरणांनीं हें स्पष्ट होईल. १९२१ सालीं मँचेस्टर येथें घडविलेलें झेड-डी वर्गाचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ही गाडी ओढीत होतें, असें सर्वत्र छापलें जातें. यावरून एकच इंजिन सत्तर वर्षें राबलें अशी समजूत होते. परंतु बॉयलर नियमानें थंड करून आंतून धुवावा लागतो, आणि फांटे तर दोन. तेव्हां इंजिनें एकाहून अधिक असलीं पाहिजेत, हें अनुमानानेंच सिद्ध होतें. शिवाय मोठ्या दुरुस्तीच्या वेळीं एका इंजिनाचा बॉयलर त्याच वर्गाच्या दुसऱ्या इंजिनावर चढविण्याची रेल्वेंत सामान्य वहिवाट होती. म्हणून पट्टीवरील साल हें चौकटीचें साल. तिजवरील प्रत्येक भागाचें नव्हे. पोथ्या जमविणाऱ्यांस हा प्रकार परिचित आहे. लेखक मूळ प्रतीची पुष्पिका सालासह उतरून घेतो, आणि आपण नवी प्रत जुनी समजून बसतों. अशा वेळीं कामगारास “तें इंजिन” असें न विचारतां “कितव्या नंबरचें इंजिन” असें विचारावें. नंबर त्यांच्या स्मरणांत सालांपेक्षां पक्के असतात, कारण रोजची पाळी नंबरावर लागत असे.

दुसरें उदाहरण. ही गाडी अजून इंग्रजांच्या मालकीची आहे व आपण त्यांस भाडें भरतों, असें पुष्कळ लोक सांगतात. मार्ग कंपनीचा होता व त्याच्या वापराचा मोबदला ठरलेला होता, एवढा भाग खरा. परंतु कंपनी उभारणारी किलिक निक्सन पेढी मुंबईंत १८५७ सालीं स्थापन झालेली होती, आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांच्या हातीं गेली. ‘खाजगी कंपनी’ या शब्दांचें लोकांच्या तोंडीं ‘इंग्रजांची कंपनी’ असें रूपांतर झालें. ही समजूत खोटी म्हणून टाकून देऊं नये. ती लोकसमजूत म्हणून नोंदावी, व वस्तुस्थिति तिच्या शेजारीं द्यावी.

आतां आठवण जागृत कशी करावी? आगगाडीच्या नांवानेंच त्याचें उत्तर सुचविलें आहे. कालिदासाच्या नाटकांत राजास शकुंतलेचें स्मरण झालें तें युक्तिवादानें नव्हे, मुद्रिका पाहून. यास्तव त्या नाटकास अभिज्ञान म्हणतात. येथेंहि तोच उपाय चालतो. जुना हातदिवा, पितळी बिल्ला, झिजलेलें फावडें, शेडमधील छायाचित्र, असें कांहीं हातांत दिलें कीं बोलणें सुरू होतें. शक्य असल्यास वृद्धास मूर्तिजापूर किंवा दारव्हा येथील जुन्या जागीं घेऊन जावें. दोघे-तिघे जुने सोबती एकत्र बसविले तर एकाची चूक दुसरा सुधारतो. मात्र त्यापूर्वीं प्रत्येकाचें एकट्याचें कथन घेऊन ठेवावें, नाहींतर सर्वांची आठवण एकसारखी होऊन जाते.

संग्राहकांसाठीं कांहीं सूचना करतों. सांगणाऱ्याची वऱ्हाडी बोली तशीच उतरावी. शुद्ध करूं नये. शेडमधील शब्द, हुद्द्यांचीं व हत्यारांचीं नांवें यांचा कोश निराळा करावा. ड्रायव्हर-फायरमनांइतकेच गँगमन, सांधेवाले, खलाशी व कापसाच्या गांठी चढविणारे हमाल यांसहि विचारावें. त्यांच्या घरांतील स्त्रियांस पाळीच्या वेळा, पगाराचे दिवस व दुखणीं पुष्कळदां अधिक चांगलीं ठाऊक असतात. घरांत सेवापुस्तिकेचा उतारा, निवृत्तीचे कागद, जुनें वेळापत्रक असल्यास त्याची प्रत घेऊन मूळ त्यांच्याकडेच राहूं द्यावें. साल ठरवावयाचें तें या कागदांवरून. काम समजून घ्यावयाचें तें माणसाकडून. टिपण झाल्यावर तें सांगणाऱ्यास वाचून दाखवावें व त्याची संमति घ्यावी.

जुन्या इंजिनांचे शोकीन नंबर, वर्ग व कारखाने यांची मोठ्या आस्थेनें नोंद करतात, आणि ती उपयुक्त आहे. परंतु नंबर लोखंडावर कोरलेला असतो. लोखंड राहिलें तर तो उद्यांहि वाचतां येईल. फावडें कसें धरावयाचें हें मात्र तें धरणाराच सांगूं शकतो. यवतमाळ, लाडखेड, दारव्हा, कारंजा व मूर्तिजापूर येथील आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवीं असा कोणी वृद्ध असल्यास येत्या उन्हाळ्याची वाट न पाहतां त्याच्याकडे जावें, आणि झालेल्या टिपणांची एक प्रत मंडळाच्या संग्रहासाठीं पाठवावी, अशी आमची विनंति आहे.