ट्रॉम्बोनची परीक्षा, पियानोची साथ

म्युनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने १९८० साली मुख्य ट्रॉम्बोनवादकाच्या जागेसाठी चाचणी घेतली. ३३ उमेदवार आले होते. त्यातला एक जण वाद्यवृंदाशी संबंधित माणसाचा मुलगा, म्हणून वशिल्याचा आरोप नको या विचाराने सगळ्यांना पडद्याआड वाजवायला लावलं. सोळावा उमेदवार वाजवून गेला आणि परीक्षकांनी उरलेल्या सतरा जणांना चक्क घरी पाठवलं. पडद्यामागून पुढे आली ती ॲबी कोनंट ही अमेरिकन तरुणी. चाचणीचं निमंत्रण गेलं होतं ते मात्र ‘श्री. कोनंट’ यांना! वर्षभरातच तिला दुय्यम जागेवर उतरवण्यात आलं. एवढ्या दमाचं वाद्य बाईला पेलेल का, हा आक्षेप खोडून काढण्यासाठी तिला फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी लागली, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जागा आणि बरोबरीचा पगार मिळेपर्यंत तेरा वर्षं गेली.

चाचणीच्या दिवशी तिने वाजवलेली रचना होती फर्डिनांड डेव्हिडचा ‘कॉन्चेर्टिनो’. जर्मनीत ट्रॉम्बोनची नोकरी हवी असेल तर ही रचना यायलाच हवी, असा जणू दंडकच आहे. अशा चाचण्यांमध्ये वाद्यवृंद नसतो. त्याचा सगळा भाग एकटा पियानोवादक वाजवतो. ट्रॉम्बोनचं एकल संगीत आणि पियानो यांची गाठ पडली ती बरीचशी अशाच चाचण्या, परीक्षा आणि स्पर्धांमुळे.

ट्रॉम्बोन तसा जुना, पंधराव्या शतकातला. साधारण नऊ फूट लांबीची पितळी नळी वळवून घेतलेली. पुढे कर्णा आणि हातात पुढे-मागे सरकणारी यू आकाराची स्लाइड. स्लाइडच्या सात जागा असतात आणि दर जागेला सूर अर्ध्या स्वराने उतरतो. बाकीचे सूर ओठांच्या ताणाने काढायचे. नळीवर खुणा नाहीत, पडदे नाहीत. स्लाइड न थांबवता ओढली की मींड आपोआप निघते. पण गंमत अशी, की शिकणाऱ्याची पहिली काही वर्षं ही मींड लपवायला शिकण्यातच जातात. दोन सुरांच्या मधल्या नेमक्या क्षणी जिभेने श्वासाला हलका स्पर्श द्यायचा आणि तेवढ्यात हात पुढच्या जागी पोचलेला असायचा, तेव्हा कुठे सुरावट सलग ऐकू येते.

एवढं गुणी वाद्य शतकानुशतकं मागच्या रांगेतच राहिलं. चर्चमध्ये ते गायकांच्या सुराला आधार देई. ऑस्ट्रियात अल्ब्रेख्ट्सबर्गरने १७६९ मध्ये आल्टो ट्रॉम्बोनसाठी कॉन्चेर्टो लिहिला, मोझार्टने ‘रेक्विएम’मध्ये ट्रॉम्बोनला एक लक्षवेधी एकल भाग दिला, पण हे अपवादच. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन येतात ते थेट शेवटच्या भागात. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतही तीच तऱ्हा: तीन भाग गप्प बसायचं आणि चौथ्यात, ओठ थंड पडलेले असताना, एकदम मंद आणि उंच सुरात शिरायचं. ट्रॉम्बोनवाला पगार घेतो तो मात्रा मोजण्याचा, हा विनोद त्यातूनच आला.

लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदात कार्ल क्वायसर नावाचा वादक होता. त्याचं वादन ऐकायला लोक मुद्दाम येत. त्याच्यासाठी डेव्हिडने हा ‘कॉन्चेर्टिनो’ लिहिला आणि १८३७ मध्ये तो सादर झाला. डेव्हिड स्वतः व्हायोलिनवादक, त्याच वाद्यवृंदाचा अग्रणी. मेंडेलसनचा गाजलेला व्हायोलिन कॉन्चेर्टो १८४५ मध्ये पहिल्यांदा वाजवणारा तो हाच. ट्रॉम्बोनसाठी लिहिताना त्याने सुरुवातीला डौलदार, वीरश्रीयुक्त भाग दिला, मध्ये शोकयात्रेची संथ चाल घातली. दम, उंच सूर, संथ लय आणि ठसका हे सगळं पंधरा-सोळा मिनिटांत तपासून होतं. परीक्षकांना आणखी काय हवं?

पियानोच्या साथीचा खरा कारखाना उघडला तो पॅरिसमध्ये. तिथल्या कॉन्झर्वेटरीत १८३६ मध्ये ट्रॉम्बोनचा वर्ग सुरू झाला. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांची जाहीर स्पर्धा व्हायची आणि तिच्यासाठी एखाद्या संगीतकाराकडून रचना लिहून घेण्याची पद्धत पडली. सगळ्यांनी तीच रचना वाजवायची. पहिलं बक्षीस मिळालं की शिक्षण पूर्ण. या प्रथेने रचनेचा एक साचाच तयार केला. लांबी पाच ते सात मिनिटं, आधी गाता सूर तपासणारा संथ भाग, मग जीभ आणि हात यांची झटापट दाखवणारा द्रुत भाग, आणि साथीला पियानो. कारण परीक्षेच्या दालनात वाद्यवृंद आणणार कुठून?

या साच्यातून निघालेल्या रचनांतल्या कित्येक आज कुणाला आठवतही नाहीत. पण अलेक्सांद्र गिल्माँचं १९०२ मधलं ‘मॉर्सो सँफोनिक’ टिकलं. गिल्माँ हा पॅरिसचा नामवंत ऑर्गनवादक. चर्चच्या घुमटात सूर किती वेळ रेंगाळतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि ती जाण त्याच्या संथ भागात उतरली. जगभरात ट्रॉम्बोनचा विद्यार्थी जी पहिली ‘मोठी’ रचना हाती घेतो ती बहुधा हीच.

परीक्षेशी संबंध नसलेला एक सुरेख अपवादही आहे. कामिय सँ-साँस १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनासाठी अमेरिकेला गेला होता. वय ऐंशीच्या घरात. तिथल्या संगीत विभागाचा प्रमुख जॉर्ज स्टुअर्ट हा पूर्वीचा ट्रॉम्बोनवादक, आणि त्याच्यासाठी सँ-साँसने पियानोच्या साथीची ‘कावातिन’ लिहिली. हलकीफुलकी, ऐटबाज, म्हाताऱ्या संगीतकाराचा हात किती सफाईदार होता याचा नमुना.

पियानोची ही साथ आपल्या पेटीच्या साथीपेक्षा फार वेगळी आहे. पेटीवाला गायकाच्या मागे जातो, त्याची हरकत हेरून तिची सावली धरतो. पियानोवादकाचा प्रत्येक सूर आधीच लिहिलेला असतो. मागे कोण जाणार हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. शिवाय पियानोचे सूर एकदा लावले की लावले, तडजोड ट्रॉम्बोनलाच करावी लागते. स्लाइड पूर्ण आत असताना निघणारा मधल्या सप्तकातला ‘डी’ हा सूर निसर्गतःच पियानोच्या ‘डी’पेक्षा थोडा उतरलेला असतो. स्लाइड आणखी आत जाऊ शकत नाही, म्हणजे तो चढवायला जागाच नाही. म्हणून जाणते वादक वाद्य मुद्दाम किंचित चढं लावतात, बाकीचे सूर स्लाइड थोडीशी बाहेर ठेवून वाजवतात आणि त्या ‘डी’साठी नेमकी तेवढी जागा राखून ठेवतात. ऐकणाऱ्याला हे दिसत नाही, पण चुकलं तर लगेच बोचतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या संगीताला एकदम वजन आलं. फ्रँक मार्टिन या स्विस संगीतकाराने १९४० मध्ये जिनिव्हाच्या वादनस्पर्धेसाठी ‘बॅलाड’ लिहिली. हीसुद्धा परीक्षेचीच रचना, पण ऐकताना परीक्षा आठवत नाही. काळोखी, अस्वस्थ, अधूनमधून उसळणारी. पुढच्याच वर्षी पॉल हिंडेमिटचा सोनाटा आला. नाझी राजवटीत त्याच्या संगीतावर बंदी आली, तो स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेला पोचला आणि येल विद्यापीठात शिकवू लागला. वाद्यवृंदातल्या जवळजवळ प्रत्येक वाद्यासाठी पियानोसह एक सोनाटा लिहायचा त्याने चंगच बांधला होता. ट्रॉम्बोनच्या सोनाटात चार भाग सलग येतात. दुसऱ्या भागात तर पियानोच नाना तऱ्हांनी बोलत राहतो आणि ट्रॉम्बोन मधूनमधून आपलं छोटंसं पालुपद म्हणून जातो. तिसरा भाग म्हणजे एका मारकुट्या बहाद्दराचं गाणं. यातला पियानोचा भाग इतका अवघड आहे की विद्यार्थ्यांना आधी पियानोवादकाची मनधरणी करावी लागते.

पॅरिसची परीक्षाही पुढे बदलली. संगीतात ज्याचं नाव मोठं होणार होतं त्या आंरी दुतियोने १९५० मध्ये तिच्यासाठी ‘कोराल, कादाँस ए फुगातो’ लिहिलं. सुरुवातीला प्रार्थनेसारखी चाल, मग एकट्या ट्रॉम्बोनचा मोकळा विस्तार आणि शेवटी पियानोशी पाठशिवणीचा खेळ. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. त्यानंतर १९७३ मध्ये झाग्रेबच्या स्त्येपान शुलेकने इंटरनॅशनल ट्रॉम्बोन असोसिएशनसाठी ‘व्हॉक्स गॅब्रिएली’ हा भावनांनी ओथंबलेला सोनाटा लिहिला. संघटना नुकतीच स्थापन झाली होती. आपल्या वाद्याला चांगलं संगीत हवं असेल तर ते आपणच लिहून घेतलं पाहिजे, हे वादकांना एव्हाना कळलं होतं.

अमेरिकेत मात्र या वाद्याने परीक्षकांआधी बागेतल्या गर्दीला जिंकलं. मिसुरीचा आर्थर प्रायर सूझा या बँडमास्टरच्या बँडमध्ये १८९२ ते १९०३ या काळात एकल वादन करत असे. ‘ब्लू बेल्स ऑफ स्कॉटलंड’ या लोकगीतावर त्याने रचलेले वेगवान प्रकार आजही पियानोच्या साथीने वाजवले जातात. इतक्या झपाट्याने स्लाइड हलू शकते यावर त्या काळी कानांचा विश्वास बसत नसे.

आपल्याकडे ट्रॉम्बोन लग्नाच्या वरातीत दिसतो आणि जुन्या हिंदी गाण्यांमध्ये ऐकू येतो; मुंबईच्या स्टुडिओंमध्ये तो वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक आघाडीवर होते. पियानोसोबतच्या या रचना आपल्या कानांवर क्वचितच पडतात. तरी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज आणि एबीआरएसएम या संस्थांच्या संगीत परीक्षा मुंबईत आणि गोव्यातही होतात आणि त्यांच्या ट्रॉम्बोनच्या अभ्यासक्रमात पियानोच्या साथीच्या रचना असतातच. इथेही वाट परीक्षेतूनच जाते.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर सँ-साँसच्या ‘कावातिन’पासून करावी, ती पहिल्याच ऐकण्यात आवडते. मग गिल्माँ, त्यानंतर दुतियो. हिंडेमिट शेवटी ठेवावा आणि एका बैठकीत दोनदा ऐकावा. स्वीडनच्या क्रिस्टियान लिंडबर्गने वाद्यवृंदाची नोकरी सोडून केवळ एकल वादनावर कारकीर्द उभी केली. पियानोवादक रोलांड पॉन्टिनेनबरोबरची त्याची ध्वनिमुद्रणं आजही सहज मिळतात. ती ऐकताना पियानोवाल्याचं नावही जरूर वाचावं; हिंडेमिटच्या बाबतीत तर आधी तेच.