हसऱ्या हेराचे सात चित्रपट

एकाच नटाचे दोन चाहते एकत्र आले की स्तुतीपेक्षा भांडणच जास्त रंगते. दिलीपकुमारचा 'देवदास' मोठा की 'गंगा जमुना', हा प्रश्न ज्यांच्या घरात जेवणाच्या पानावर निघाला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. असे वाद वरवर आवडीनिवडीचे वाटतात. मात्र तेच ते वर्षानुवर्षे चालू राहिले, की त्यांच्या बुडाशी आवडीपेक्षा खोल असे काहीतरी असावे, असा संशय घ्यायला जागा असते. या लेखात असा एक वाद तपासायचा आहे. तो आहे रॉजर मूर या इंग्रज नटाच्या जेम्स बाँडपटांविषयीचा.

मूरने १९७३ ते १९८५ या बारा वर्षांत बाँडची भूमिका सात वेळा केली. 'लिव्ह अँड लेट डाय' (१९७३), 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४), 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७), 'मूनरेकर' (१९७९), 'फॉर युवर आइज ओन्ली' (१९८१), 'ऑक्टोपसी' (१९८३) आणि 'अ व्ह्यू टू अ किल' (१९८५) हे ते सात चित्रपट. या सातांतला सर्वोत्तम कोणता, यावर त्याच्या चाहत्यांत ढोबळमानाने दोन तट आहेत. एक तट 'द स्पाय हू लव्ह्ड मी'चा. या तटाला भव्यता, वेग आणि थट्टा हवी असते. दुसरा तट 'फॉर युवर आइज ओन्ली'चा. त्याला बाँड जमिनीवर हवा असतो. त्याने धापा टाकाव्यात आणि त्याला मरणाची भीती वाटावी, अशी या तटाची अपेक्षा. या दोन तटांच्या मधल्या जागेत 'ऑक्टोपसी' उभा आहे आणि भारतीय प्रेक्षकाला या वादात ओढून घेतो तो हाच चित्रपट.

वाद विनोद की गांभीर्य असा मांडला जातो. पण सातही चित्रपट लक्षपूर्वक पाहिले तर प्रश्न वेगळाच निघतो : पडद्यावर माणूस मारला जातो तेव्हा त्याचा भार किती जाणवू द्यायचा?

उचललेली भुवई

मूरचा जन्म १९२७चा, म्हणजे आधीचा बाँड शॉन कॉनरी याच्यापेक्षा तो जवळजवळ तीन वर्षांनी मोठा. पहिला बाँडपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस होते. त्याआधी १९६२ ते १९६९ या काळात 'द सेंट' या दूरचित्रवाणी मालिकेतल्या सायमन टेम्प्लरच्या रूपाने तो घरोघर पोहोचला होता. आपल्या अभिनयाची सारी मजल डावी भुवई वर आणि उजवी भुवई वर इतकीच, अशी थट्टा तो स्वतःच करत असे.

ही थट्टा निव्वळ विनय म्हणून सोडून देता येत नाही. बाँडविषयी मूरचा युक्तिवाद साधा होता. ज्या हेराला जगातला प्रत्येक दारूविक्या ओळखतो, ज्याचे आवडते पेय सर्वांना ठाऊक असते, तो कसला हेर? मुळातच जे अशक्य आहे ते गंभीर चेहऱ्याने करायचे कशाला? तमाशातला सोंगाड्या वग चालू असतानाच मधेच प्रेक्षकांकडे वळतो आणि 'हे सगळे सोंग आहे बरं का' असे सुचवून जातो. मूरची भुवई तेच काम करते. कॉनरीचा बाँड स्वतःवर विश्वास ठेवतो, मूरचा ठेवत नाही. शिवाय मूरला बंदुकांचे वावडे होते आणि हे त्याने कधी लपवले नाही. हातात पिस्तूल घेऊन जगाला माहीत झालेल्या माणसाची ही गोष्ट वादाच्या मुळाशी नेणारी आहे.

थट्टेची मात्रा सुरुवातीला जमली नाही. 'द मॅन विथ द गोल्डन गन'मध्ये एक मोटार मोडक्या पुलावरून उडते, हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरते. संगणकावर गणित मांडून आखलेली ही उडी पहिल्याच प्रयत्नात साधली. एवढ्या अवघड कसरतीवर संगीतकार जॉन बॅरीने शिट्टीचा एक गमतीदार आवाज घातला आणि श्वास रोखून पाहण्याचा क्षण सर्कशीतल्या करमणुकीसारखा उडून गेला. पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला. थट्टा भीतीच्या बाजूला बसली तर भीती टिकते, तिच्या डोक्यावर बसली तर मरते, हे या एका आवाजाने दाखवून दिले.

पॅराशूट आणि त्याआधीचा खून

'द स्पाय हू लव्ह्ड मी' हा मूरचा स्वतःचा सर्वांत आवडता बाँडपट. तोवर निर्माते दोन होते. हॅरी सॉल्ट्झमन बाजूला झाल्यावर अल्बर्ट ब्रॉकलीने एकट्याने काढलेला हा पहिला चित्रपट. इयान फ्लेमिंगच्या कादंबरीचे फक्त नाव वापरायची मुभा होती, त्यामुळे कथा नव्याने रचावी लागली. कला दिग्दर्शक केन ॲडमच्या अवाढव्य नेपथ्यासाठी पाइनवुड स्टुडिओत नवे चित्रीकरणगृह उभारावे लागले. पाण्याखाली चालणारी लोटस मोटार आणि पोलादी दातांचा जॉज हेही याच चित्रपटातले.

मात्र या तटाचा हुकमी एक्का म्हणजे आरंभीची उडी. स्कीवरून पळणारा बाँड कड्यावरून थेट पोकळीत झेपावतो. संगीत थांबते. तो पडत राहतो, पडतच राहतो आणि मग ब्रिटिश ध्वजाच्या रंगांचे पॅराशूट उघडते. कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲसगार्डवरून ही उडी रिक सिल्व्हेस्टर या स्टंटमनने खरोखर मारली होती. ती शांतता आणि त्यानंतरचे ते पॅराशूट यांत मूरच्या बाँडचे सारे सार आहे, असे या तटाचे म्हणणे.

म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. या उडीच्या काही क्षण आधी बाँड पाठलाग करणाऱ्या एका सोव्हिएत हेराला ठार करतो. पॅराशूटला टाळी देताना तो मेलेला माणूस आपण विसरून जातो. चित्रपट मात्र विसरत नाही. बाँडच्या बरोबरीने काम करणारी सोव्हिएत मेजर ॲन्या ही त्याच माणसाची प्रेयसी निघते. हे तिच्या ध्यानात येते आणि ती त्याला सरळ विचारते. इथे मूर भुवई उचलत नाही. आपल्या धंद्यात माणसे मरतात, हे त्यालाही ठाऊक होते, एक तर तो नाही तर मी, आणि होय, मीच मारले, अशा आशयाची कबुली तो शांतपणे देतो. कामगिरी संपली की तुला मारीन, असे ती सांगते.

शेवटी ती पिस्तूल रोखतेही. बार झाल्यासारखा आवाज येतो, पण उडालेले असते ते शॅम्पेनचे बूच. या बुचापाशी दोन्ही तट वेगळे होतात. पहिल्या तटाला ही सुटका वाटते, दुसऱ्याला फसवणूक. एवढे मोठे देणे एका बुचावर फेडता येते का, असा दुसऱ्या तटाचा प्रश्न आहे आणि तो वाजवी आहे.

कड्यावरची मोटार

या चित्रपटाच्या अखेरीस पुढचा बाँडपट म्हणून 'फॉर युवर आइज ओन्ली' जाहीर झाला होता. पण १९७७च्या 'स्टार वॉर्स'च्या यशाने पारडे फिरले आणि बाँड 'मूनरेकर'मधून थेट अंतराळात गेला. व्हेनिसच्या चौकात जमिनीवरून तरंगत जाणारा गोंडोला पाहून एक कबुतर चकित होऊन मान वळवते, इतका तो चित्रपट सैल आहे. तरीही तो तुफान चालला. उत्पन्नाचा त्याचा मालिकेतला उच्चांक १९९५च्या 'गोल्डनआय'पर्यंत टिकला. यानंतर बाँडला पृथ्वीवर आणणे भागच होते.

ते काम जॉन ग्लेनकडे आले. आधी संकलक आणि दुसऱ्या चित्रीकरण तुकडीचा दिग्दर्शक असलेल्या ग्लेनचा स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. आरंभी बाँड आपल्या मृत पत्नीच्या थडग्यावर फुले ठेवतो. पुढे त्याची यंत्रसज्ज लोटस कथेच्या सुरुवातीलाच स्फोटात उडते आणि त्याला मेलिनाच्या लहानग्या सित्रोएन मोटारीतून पळ काढावा लागतो. आईवडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या या मेलिनाला तो बजावतो, सूडाला निघण्याआधी दोन खड्डे खणावेत.

हेच सांगणारा बाँड मग स्वतः काय करतो? सहकाऱ्याचा खून करणारा लॉक मोटारीतून निसटू पाहतो. लांबच लांब पायऱ्या धापा टाकत चढून बाँड त्याला गाठतो, गोळ्या झाडतो आणि मोटार कड्याच्या टोकावर लटकते. मेलेल्या सहकाऱ्याजवळ सापडलेली कबुतराची पिन तो लॉककडे फेकतो आणि लाथ मारून मोटार खाली ढकलतो.

मूरला ही लाथ मारायची नव्हती. आपला बाँड असा थंडपणे मारणार नाही, असे त्याचे मत होते. दिग्दर्शकाच्या आग्रहापुढे त्याने मान तुकवली. दुसऱ्या तटाच्या दृष्टीने हाच मूरचा सर्वश्रेष्ठ क्षण. नटाला जे नकोसे होते तेच चाहत्यांना सर्वाधिक भावले, हा या वादातला सर्वांत बोलका तपशील आहे. मूरचा नकार आणि त्याची थट्टा एकाच मुळातून येतात. मारणे हे ज्याला मनातून पटत नाही, तो ते एक तर खेळ म्हणून करील किंवा करणारच नाही. लाथेत खेळ उरत नाही. त्यामुळे ती खरी वाटते आणि त्यामुळेच मूरला ती बोचली. आणि तिथेही, मोटार कोसळल्यावर बाँडच्या तोंडी उंचीवरून एक कोटी आहेच.

उदयपूरचा हिशेब

'ऑक्टोपसी' उदयपुरात चित्रित झाला. पिछोला तलावातला लेक पॅलेस, डोंगरावरचा सज्जनगढ, खलनायकाच्या उजव्या हाताच्या भूमिकेत कबीर बेदी, बाँडच्या साहाय्यकाच्या भूमिकेत टेनिसपटू विजय अमृतराज. आपल्याकडच्या चाहत्यांना याचे कौतुक वाटणे स्वाभाविक होते.

पण थट्टेच्या बाजूने बोलणाऱ्यांना खरा जाब इथे द्यावा लागतो. रिक्षांचा पाठलाग चालू असताना बाजारात खिळ्यांच्या शय्येवरचा साधू, तलवार गिळणारा, पेटते निखारे असा सारा साठा हजर असतो. अमृतराज रॅकेटने गुंडांना बडवतो आणि बघ्यांच्या माना टेनिसच्या सामन्यासारख्या डावी-उजवीकडे फिरतात. इथवर हसू येते. जुगारात जिंकलेल्या नोटा भारतीय सहकाऱ्याच्या हाती देताना मात्र, काही आठवडे तुमच्या करीची सोय झाली, असे बाँड म्हणतो आणि आपले हसू ओठावरच थांबते. हा सहकारी त्याच्याच खात्याचा माणूस आहे. पुढे अमृतराजचा विजय मारला जातो आणि कथा त्याच्यापाशी फार वेळ थांबत नाही. सोंगाड्या राजाची टोपी उडवतो तेव्हा लोक हसतात, गरिबाची उडवू लागला की ते गप्प होतात. मूरची भुवई स्वतःवर उचललेली असते तोवर ती मोकळी करते. दुसऱ्यावर उचलली की तीच तुच्छता होते.

विदूषकाचा चेहरा

आणि तरीही या वादाचे सर्वांत चांगले उत्तर याच चित्रपटात आहे. आरंभी पूर्व बर्लिनमध्ये विदूषकाच्या वेषातला एक माणूस जीव घेऊन पळतो आहे. तो ब्रिटिश हेर ००९. पाठीत सुरी लागून तो मरतो. अखेरीस पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकन हवाई तळावर सर्कस चालू असते. तिथे दडवलेला अणुबाँब फुटायला थोडाच वेळ उरलेला असतो आणि पहाऱ्यातून निसटण्यासाठी बाँडला विदूषकाचेच सोंग घ्यावे लागते.

रंगवलेल्या तोंडाने तो रिंगणात येतो आणि बाँब आहे, असे जीव तोडून सांगतो. लोक हसतात. जितका तो कळवळतो तितके ते जास्त हसतात. दहा वर्षे ज्याने प्रेक्षकांना काहीच मनावर घ्यायचे नाही असे शिकवले, त्याच्यावर आता कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. मूरच्या डोळ्यांत इथे खरी भीती आहे. ती रंगाच्या थराखालून दिसते आणि तशी दिसते म्हणूनच ती झोंबते. लाथेची गरज पडत नाही, बूचही उडत नाही. या प्रसंगात हसणारा मूर आणि गंभीर मूर एकाच चेहऱ्यावर येतात, आणि दोन्ही तटांना जे हवे ते एकदमच मिळते. हा प्रसंग असलेला चित्रपट सातांत सर्वोत्तम आहे, असा दावा मी करणार नाही, उदयपूरचा हिशेब तो करू देत नाही. पण मूरचे सर्वोत्तम काम कोणते, असे विचारले तर बोट इथेच ठेवावे लागेल.

'अ व्ह्यू टू अ किल'च्या वेळी मूर सत्तावन्न वर्षांचा होता. त्यातला खलनायक आपल्याच खाणकामगारांना मशीनगनने हसत हसत टिपतो. मूरला तो प्रकार मुळीच रुचला नाही आणि आपल्या बाँडपटांतला हा त्याचा सर्वांत नावडता ठरला. पुढे १९९१मध्ये तो युनिसेफचा सदिच्छादूत झाला आणि २०१७मध्ये मृत्यू येईपर्यंत मुलांसाठीचे ते काम करत राहिला. त्यामुळे दोन चाहते भांडत असतील तर त्यांना सातांतला कोणता चित्रपट आवडतो हे विचारण्यापेक्षा, त्यातला कोणता मृत्यू त्यांच्या लक्षात राहिला आहे, हे विचारावे. वाद त्याने मिटणार नाही, पण तो कशाचा आहे हे दोघांनाही कळेल.