लाल बशीची उलटतपासणी

अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या बाजारात चिनी मातीच्या एका नारिंगी-लाल बशीजवळ विक्रेता गायगर काउंटर धरतो आणि तो कडकड वाजू लागतो. ‘ऐका, अणुबाँबच्या आधीची अस्सल बशी!’ हा पुरावा तुम्ही मान्य कराल का?

ही ‘फिएस्टा’ भांडी वेस्ट व्हर्जिनियातील होमर लाफलिन कंपनीने १९३६ साली बाजारात आणली. लाल रंगासाठी झिलईत युरेनियमचे ऑक्साइड घालत. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी सरकारला युरेनियम हवे झाले आणि १९४३ मध्ये लाल फिएस्टा बंद पडले. १९५९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले व १९७२ पर्यंत चालले. १९८६ पासून निघालेल्या नव्या फिएस्टात युरेनियम नाही. म्हणजे लाल बशी मुकी राहिली तर ती युद्धकाळातली नव्हे, एवढे नक्की. पण वाजली तर?

तुम्ही म्हणाल, जुनी बशी कमी वाजत असेल. नाही! युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. ८० वर्षांत त्याच्या शंभर कोटी अणूंपैकी जेमतेम बारा अणूंचे विघटन होते. (गणित करून पाहा.) काउंटरला जाणवतात ते मुख्यतः त्याच्या वंशातील प्रोटॅक्टिनियम-२३४ चे बीटा कण. शुद्ध केलेल्या युरेनियमात या वंशजांचे प्रमाण काही महिन्यांतच स्थिरावते. तेव्हा कडकडाटावरून वय मुळीच कळत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. १९५९ नंतर वापरलेले युरेनियम वेगळे होते. नैसर्गिक युरेनियमच्या हजार अणूंत सुमारे सात अणू युरेनियम-२३५ चे असतात. तेच बाँबला आणि अणुभट्ट्यांना हवे असतात. ते काढून घेतल्यावर उरलेल्या ‘क्षीण’ युरेनियममध्ये हजारी दोन-तीनच राहतात. हा उरलेला मालच झिलईत गेला! काउंटरला मात्र दोन्ही बश्या सारख्याच, कारण तो ऐकतो युरेनियम-२३८ च्या वंशजांना.

मग उपाय? गॅमा किरणांची ऊर्जा मोजणे. युरेनियम-२३५ कडून सुमारे १८६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण येतात, तर प्रोटॅक्टिनियमकडून सुमारे १००१ चे. या दोन शिखरांचे गुणोत्तर नैसर्गिक युरेनियमच्या नमुन्याशी ताडून पाहायचे. १८६ चे शिखर त्या मानाने बुटके निघाले, तर बशी १९५९ नंतरची. ती बनावट नव्हे, त्याच कारखान्याची. पण विक्रेता सांगतो ती मात्र नव्हे. शिखरे उपकरणाप्रमाणे लहानमोठी दिसतात, म्हणून नमुना तोलून घेतल्यावाचून निकाल देऊ नये. आमच्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी हीच पायरी गाळायला बघतात!

उपकरण नसेल तर बशी उलटी करा. जुन्या बहुतेक बश्यांच्या तळालाही झिलई असते व भट्टीतील टेकूंच्या तीन खुणा दिसतात. १९८६ नंतरच्या बश्यांच्या तळाचे कडे बिनझिलईचे, खरखरीत लागते. १९४३ पूर्वीची आणि १९५९ नंतरची बशी मात्र यावरून वेगळी ओळखता येणार नाही.

आणि अशी बशी हाती आलीच, तर तिच्यात लिंबाचे लोणचे वाढू नका. आंबट पदार्थांत झिलईतील युरेनियम विरघळते, आणि जुन्या झिलईतील शिसेही.