दीक्षित, दिवेकर आणि घरचं ताट

मराठी मध्यमवर्गात ‘डाएट’ खऱ्या अर्थाने शिरलं ते 2008 च्या आसपास. ‘टशन’मधल्या करीना कपूरमुळे ‘साइझ झीरो’ची चर्चा घरोघरी पोचली. ऑफिसांतून जीएम डाएटच्या झेरॉक्स हातोहात फिरायच्या. पहिल्या दिवशी फक्त फळं, दुसऱ्या दिवशी भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध, जोडीला कोबीचं सूप. आठवड्यात वजन उतरायचं, पण त्यात पाण्याचाच वाटा मोठा. नेहमीचं जेवण सुरू झालं की काटा होता तिथे.

2009 मध्ये ऋजुता दिवेकरांचं पहिलं पुस्तक आलं आणि तूप, भात, केळं यांना पुन्हा मान मिळाला. त्याचा दिलासा मोठा होता. दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, हे त्यांचं सांगणं. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी नेमकं उलटं सांगितलं: कडकडून भूक लागते अशा दोनच वेळा ओळखा, 55 मिनिटांत जेवण उरका, मध्ये काही नको, आणि रोज 45 मिनिटं चाला. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. खाल्लं की इन्शुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असा त्यामागचा विचार. 2018 पर्यंत ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सॲपपर्यंत रंगला होता.

इतक्या वर्षांनी मला दिसतं ते असं, की वाद घड्याळावर झाला आणि ताट मागे राहिलं. दोन्हीकडच्या लोकांना गुण आला, कारण दोन्हीकडे चहाबरोबरची बिस्किटं, चारचं फरसाण, येता-जाता तोंडात टाकायचा चिवडा सुटला. शिवाय दोघांनीही घरचंच जेवण खायला सांगितलं. बाजारातून काही वेगळं आणायला लावणारी कीटोसारखी डाएटं आली आणि गेली. ही दोन टिकली. मात्र साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करणं धोक्याचं होतं, ही सूचना वादाच्या गोंगाटात पुरेशी ऐकू आली नाही.

आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. संध्याकाळी सातचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. एका शेगडीवर सासऱ्यांची मऊ खिचडी, दुसरीवर नवऱ्याच्या कीटोचं पनीर, ओट्यावर मुलांच्या पोळ्यांची कणीक. हे सगळं करणारी बाई शेवटी जेवते, सकाळचा भात आणि तळाशी उरलेली आमटी. अशा घरातलं डाएट महिना-दोन महिन्यांत मोडलं, तर खाणाऱ्याच्या निश्चयाला दोष देणं अन्यायाचं आहे. घरातल्या सगळ्यांसाठी एकत्र शिजत नाही ते टिकत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग घरचं ताट जसं आहे तसं बरं का? नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शेजारी ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडे अंगकाठी बारीक, स्नायू कमी आणि पोटाशी चरबी, हे चित्र फार आढळतं. अशा शरीराने उपाशी राहून झटपट वजन उतरवलं तर आधीच कमी असलेले स्नायूही झिजतात. परत येणाऱ्या वजनात मात्र चरबीच जास्त असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नवी आहारसूत्रं दिली. दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस 85 ग्रॅम. आता आपलं वाढलेलं ताट बघा. कोशिंबीर डाव्या बाजूला, चटणी-लोणच्याच्या शेजारी, चमचाभर. ती तोंडी लावायला. वरण पातळ, कारण ते भात कालवायला. मध्ये पोळ्यांची चवड. कोशिंबिरीला वाटी द्यायची, वरण दाट करायचं, मटकीची किंवा मुगाची उसळ रोजची करायची आणि चारांतल्या एक-दोन पोळ्या कमी करायच्या. वेगळा स्वयंपाक लागत नाही, सणाला पुरणपोळीही चुकत नाही. 2023 च्या भरडधान्य वर्षात ज्वारीची भाकरी शहरांत परतली याचा मला मनापासून आनंद आहे. पण मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी झाली तरी ती धान्यातच मोजायची. आणि भाकरी थापणारे हात घरात किती, हेही बघायला हवं.

2025 मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्या बाजारात आली, मार्चमध्ये मौंजारो, जूनमध्ये वेगोवी. ज्यांना त्यांची खरी गरज आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत. या इंजेक्शनांनी भूक मंदावते, पण उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात. वेगोवीतल्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेलं दोन-तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे इंजेक्शन घेणाऱ्यालाही ताट मांडावंच लागतं: आधी उसळ, अंडं किंवा मासा, मग भाजी, आणि राहिलेल्या भुकेपुरता भात.