रसद तुटली की सैन्य थांबतं

शेंद्र्याच्या एमआयडीसीत मी स्टोअरला आहे. लाइनला माल वेळेवर पोचवणं हे माझं काम. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी येतो, दोन तास झोपतो आणि सातच्या सुमाराला संगणक सुरू करून 1624 सालात शिरतो. भातवडीच्या लढाईवरचा व्यूहरचनेचा गेम मी एकट्यानं बांधतो आहे. गोडो हे इंजिन फुकट आणि खुलं आहे, म्हणून ते घेतलं.

नकाशा अहमदनगरपासून खडकीपर्यंतचा. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर यानं 1610 साली वसवलेली खडकी म्हणजे आजचं आपलं छत्रपती संभाजीनगर. या नकाशावर मी षटकोनी घरं आखली. चौकोनात तिरपी चाल सरळ चालीपेक्षा जवळपास दीडपट लांब पडते; षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. मोकळ्या रानाच्या घराला एक, पावसात भिजलेल्या काळ्या मातीला तीन, घाटाला चार असा चालण्याचा खर्च ठरवला. तीनचा आकडा मी पुस्तकातून घेतलेला नाही. करमाडच्या बाजूला आमच्या पाहुण्यांच्या शेतात जुलैत ट्रॅक्टर रुतला होता, तो बाहेर काढायला आम्हाला अख्खी दुपार लागली.

सैन्याला वाट शोधून देतं ते ए-स्टार नावाचं गणित. स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत शेकी या यंत्रमानवाच्या कामातून ते निघालं आणि 1968 साली प्रसिद्ध झालं. आतापर्यंत झालेला खर्च आणि पुढच्या वाटेचा अंदाज यांची बेरीज जिथं सगळ्यात कमी, तिकडची वाट ते आधी तपासतं. यात मी एक महिना अडकलो. पक्क्या रस्त्याच्या घराचा खर्च अर्ध्यावर आणला, तरी घोडदळ शेजारचा रस्ता सोडून रानातून सरळ जायचं. चूक अंदाजात होती. तो मी अजून घरामागे एक असाच धरत होतो, त्यामुळे रस्त्यानं जाताना अंदाज खऱ्या खर्चाच्या दुप्पट निघायचा. अंदाज कधीही खऱ्यापेक्षा जास्त असता कामा नये. घरामागे अर्धा धरला आणि त्या रात्री घोडी पहिल्यांदा रस्त्याला लागली. मी तीच चाल दहा वेळा पाहिली.

खरी अडचण निराळीच होती. गनिमी कावा मी हल्ल्याच्या ताकदीत वीस टक्के वाढ म्हणून लिहिला होता. खेळायला बरं वाटायचं, पण ते खोटं होतं. भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा अंबरवर एकत्र चालून आल्या. त्यानं तळं फोडून जमिनीचा चिखल केला, रात्रीचे छापे घातले, रसद तोडली, आणि मग लढला. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूनं होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले.

हे सगळं मला वाचून माहीत होतं, पण ते उमगलं ते कामावर. एक दिवस बोल्टची एक पेटी आली नाही आणि लाइन थांबली. माणसं होती, यंत्रं चालू होती, बाकीचा सगळा माल रॅकवर होता, तरी काम बंद. घरी येऊन मी ती वीस टक्के वाढ पुसून टाकली. आता प्रत्येक तुकडीपाशी धान्य किती दिवसांचं आणि चारा किती दिवसांचा हे वेगवेगळं मोजलं जातं. चारा आधी संपतो. मग घोडी मंदावतात, तोफांचे बैल बसतात, आणि शत्रूनं एकही बाण न सोडता फौज जागच्या जागी अडते.

गेल्या आठवड्यात भाच्याला मुघलांच्या बाजूनं खेळायला बसवलं.

“मामा, तोफा तळ्यापाशीच रुतल्या.”

“मग माघार घे.”

“घेतली असती, पण मागं चारा कुठंय?”

तो बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. मग तोफा तिथंच टाकून त्यानं नुसती घोडी बाहेर काढली. ही चाल मी कुठंही लिहून ठेवलेली नव्हती.

तळ्याचं पाणी मात्र अजून नीट पसरत नाही. फुटल्यावर ते चारी बाजूंना सारखं धावतं, चढावरसुद्धा. प्रत्येक घराला उंची द्यायला घेतली आहे. नकाशाचा पश्चिमेकडचा भाग झाला, तळ्याभोवतीची घरं राहिलीत. भातवडीला आता भातोडी म्हणतात. येत्या सुटीला भाच्याला घेऊन तिकडे जाणार आहे, तळ्याच्या पाळीवर उभं राहून उतार कुठल्या बाजूला पडतो ते बघायला.