एक्केचाळीस खुंट्या

रात्रीचा एक वाजून गेला आहे. वनरक्षक मॅडमचा फोन वाजतो. पलीकडे वीज उपकेंद्रातला ऑपरेटर आहे. "मॅडम, नाल्याकडचा फीडर ट्रिप झाला. वारा नाही, पाऊस नाही. मी परत चढवला नाही, तुम्ही बघून घ्या."

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तपास चालू राहील आणि इथल्या माणसांना इथेच राहायचं आहे. मार्च आहे, मोहाची फुलं टपटपू लागली आहेत. ती वेचायला माणसं येतात, तशी खायला चितळंही येतात. चितळांच्या मागावर कोण येतं, ते या फोनवरून कळतं.

अकरा केव्हीच्या उघड्या तारांवर बांबूने आकडा टाकायचा, तिथून बायंडिंगची बारीक तार जंगलाच्या कडेने जमिनीलगत ओढत न्यायची आणि जनावराच्या वाटेवर गुडघाभर उंचीला ताणून ठेवायची. जनावर तारेला लागलं की वीज जमिनीत उतरते आणि उपकेंद्रात फीडर बंद पडतो. पूर्वी ऑपरेटर तो मुकाट पुन्हा चालू करायचा. आता वनविभाग आणि वीज कंपनी अशा ट्रिपिंगची खबर एकमेकांना देतात. माझ्या मते शिकार रोखायला जे काही उपाय झाले, त्यात सगळ्यात शहाणा हाच आहे. बंदूक लागत नाही, जीप लागत नाही. रात्रपाळीवरच्या एका माणसाने कुचराई केली नाही की पुरे.

आम्ही पाच जण निघतो. मॅडम, दोन वनमजूर, लाइनमन आणि मी. मोटारसायकली बोडीच्या पाळीवर लावतो. पुढे पायी. लाइनमन सगळ्यांना थांबवतो. "मी सांगल्याबिगर कोनी पाय टाकायचा नाई." तो उपकेंद्राशी बोलतो, लाइन बंद असल्याचं दोनदा वदवून घेतो, खांबापाशी जाऊन लाइनला अर्थिंग करतो. या पंधरा मिनिटांत कोणी बोलत नाही. अशा तारेने वाघ मेले आहेत, हत्ती मेले आहेत, रात्री शेतात पाणी द्यायला निघालेली माणसंही मेली आहेत.

मग टॉर्चच्या उजेडात ती तार दिसते. बघितल्याशिवाय विश्वास बसणार नाही इतकी बारीक. तासलेल्या बांबूच्या खुंट्या ओळीने ठोकलेल्या. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर फुटक्या बाटलीचा गळा उपडा बसवलेला, तार त्यावरून गेलेली. वीज खुंटीत उतरू नये म्हणून ही काच. खुंट्या सगळ्या एका मापाच्या आहेत. सवयीचा हात आहे हा.

तार बांधीच्या धुऱ्यावरून उतरते, नाला ओलांडते आणि एका मोठ्या मोहाच्या बुंध्याजवळून जाते. तिथे चितळाची मादी पडली आहे. अंगावरचे पांढरे ठिपके टॉर्चमध्ये चकाकतात. पुढच्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या वर, बोटभर रुंदीचा काळा पट्टा. तिथले केस आखडून गोळा झाले आहेत, कातडी फाटून आत पांढुरकं दिसतं. जळक्या केसांचा वास अजून आहे. तोंडात मोहाचं फूल तसंच आहे, चावायचं राहिलेलं. मला तिथून नजर काढता येत नाही. मॅडम मात्र कामाला लागल्या आहेत.

माणसं पळाली आहेत. मागे राहिली आहे एक कुऱ्हाड, खताची रिकामी गोणी आणि एका पायातली रबरी चप्पल. कुऱ्हाडीच्या दांड्याला, पात्याच्या खोबणीत जुनं रक्त सुकलेलं आहे. एक वनमजूर ती उचलायला वाकतो. "हात नको लावू!" मॅडम ओरडतात. आधी मोबाइलवर फोटो, मग जागेचे अक्षांश-रेखांश, मग टेपने अंतरं. कुऱ्हाड कागदात, चप्पल वेगळ्या पाकिटात. हे जुनं रक्त बकऱ्याचं की चितळाचं, ते डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जातो. हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या संस्थेत डीएनएवरून प्राणी ओळखता येतो. पण पाकिटाचं सील नीट नसेल तर तिथल्या शास्त्रज्ञाचं उत्तर कोर्टात टिकत नाही. म्हणून इथे, अंधारात, मेणबत्तीवर लाख वितळवली जाते आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात झडतीचा, जप्तीचा, अटकेचा अधिकार वनखात्याला आहे, आणि खटलाही वनाधिकाऱ्याच्या फिर्यादीवर उभा राहतो. वीजचोरीचा गुन्हा वेगळा, माणूस मेला तर पोलिसांचा गुन्हा वेगळा. या सगळ्याच्या मुळाशी जो कागद असतो, तो लिहिते बीटची वनरक्षक. खात्यातली सगळ्यात खालची वर्दी. मॅडम मोटारसायकलच्या सीटवर पॅड ठेवून लिहीत आहेत. अक्षर सुबक आहे. शिकारी कसा पकडला याच्या बातम्या येतात. तो सुटला कसा, हे कोणी छापत नाही. तो सुटतो तो बहुतेकदा याच कागदातल्या एखाद्या चुकीच्या वेळेमुळे, एखाद्या राहिलेल्या सहीमुळे.

आणि सही मिळणं सगळ्यात कठीण. पंच शक्यतो गावचाच हवा. चप्पल कोणाची, हे गावात बहुधा उद्या दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असेल. सही करणाऱ्याला त्याच गल्लीतून पाणी भरायचं आहे, त्याच सोसायटीत धान विकायचं आहे. तालुक्याच्या ठिकाणी बसून हे मटण मागवणारा गिऱ्हाईक या गल्लीत कधी येत नाही. मला त्याचा राग जास्त येतो.

पाच वाजता टोपल्या घेतलेल्या बाया येतात, मोहा वेचायला. काहींच्या पायात चपला नाहीत. पुढची एक म्हातारी झाडाखालची तार बघते आणि जागेवरच उभी राहते. "इकडूनच येतो ना जी आमी रोज," ती म्हणते. मागच्या पोरीचा हात तिने घट्ट धरला आहे.

फटफटल्यावर पोलीस पाटील दोन माणसं घेऊन येतात. पहिला ऐकून घेतो आणि म्हणतो, घरी लगीन आहे, मले नका गुंतवू. तो जातो. मॅडम त्याला अडवत नाहीत. दुसरा विशीचा पोरगा. तो चितळाकडे बघतो, मोहाच्या झाडाकडे बघतो.

"कोर्टात बलावतीन का?"

"बलावतीन," मॅडम त्याच्याच बोलीत सांगतात. "लवकर नाई. सालं लागतीन. पन यावंच लागन."

खोटा दिलासा त्या देत नाहीत, हे मला फार आवडतं.

पाटील दुसरा पंच आणायला माणूस पाठवतात. पशुवैद्यकीय डॉक्टर निघाल्याचा फोन येतो. शवविच्छेदन झालं की पंचांसमोरच दहन होईल, म्हणून एक मजूर लाकडं गोळा करायला लागतो. मॅडम पंचनामा वाचून दाखवतात. जागा, वेळ, तारेची लांबी. "बांबूच्या खुंट्या चाळीस, प्रत्येकीवर काचेचा..."

"थांबा," पोरगा म्हणतो. "मी मोजतो. मंग सही करतो."

तो खांबापासून सुरुवात करतो. धुऱ्यावरून, नाल्यात उतरून, पलीकडे चढून. प्रत्येक खुंटीला बोट न लावता मोठ्याने आकडा म्हणतो. बाया टोपल्या खाली ठेवून बघत आहेत. नाल्यातल्या बेशरमाच्या झुडपात आडवी पडलेली एक खुंटी अंधारात आमच्या कोणाच्याच नजरेला आली नव्हती.

"एकेचाळीस."

मॅडम चाळीसवर सरळ रेघ मारतात, वर एक्केचाळीस लिहितात आणि दुरुस्तीशेजारी आद्याक्षरं करायला पेन त्याच्या हातात देतात.