मोबाईलचा फेरफार

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेखन मागविणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा माझ्या बहुतेक मैत्रिणींनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र माझ्या हातून एक चूक घडली आणि ती का घडली हे शोधता शोधता मोबाईल व संगणक एकमेकांशी माहितीचा मेळ कसा घालतात, हे थोडेफार समजले. तेवढेच येथे मांडते. मी कला शाखेची विद्यार्थिनी; संगणकाच्या जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

आमचे गाव मुळा खोऱ्यात, कोतूळच्या बाजूला. पावसाळ्यात आमच्याकडे टोमॅटो असतो आणि माल नारायणगावला जातो. आप्पांचा (माझ्या वडिलांचा) बटणांचा जुना फोन मे महिन्यात बंद पडला, तेव्हा मामांनी आपला वापरलेला स्मार्टफोन त्यांना दिला. फोन सुरू करताना त्याने खाते मागितले. आप्पांचे खाते नव्हते. नवे उघडायचा कंटाळा करून मी माझेच गुगलचे खाते त्यात घातले आणि त्यांच्या सिमकार्डावरची नावेही त्याच खात्यात ओढून घेतली. आप्पा चौथी शिकलेले. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, म्हणून असल्या कामांचा मान माझाकडे. काम फत्ते झाले म्हणून मी खूश होते.

दोन दिवसांत माझ्या फोनमध्ये आप्पांची नावे दिसू लागली. ‘कॅरेटवाला’, ‘पिकअप’, ‘गाई डॉक्टर’, ‘बापू नांगर’, ‘मोटार वायंडिंग’. ‘आई’ तर दोनदा. खरे सांगायचे तर मैत्रिणींसमोर ती यादी उघडायची मला लाज वाटे. म्हणून एका रात्री बसून मी ती सगळी नावे पुसून टाकली. मी ती माझ्या फोनमधून पुसत आहे, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी तोडा होता. बांधावर चाळीस कॅरेट भरून ठेवलेली आणि आप्पांच्या फोनमध्ये पिकअपवाल्याचे नावच नाही. “तुझ्या फोनात बघ,” ते म्हणाले. माझ्या फोनात कुठून असणार? शेवटी आप्पांनी पेटीतून एक जुनी खिशातली डायरी काढली. तिच्यातले नंबर माझ्याच अक्षरात होते. मी चौथीत असताना आप्पा सांगत आणि मी लिहून घेई. पिकअपवाल्याचा त्यातला नंबर बंद झालेला, पण खालच्या ओळीत त्याच्या भावाचा होता, तो लागला. गाडी दुपारी आली. माल उशिरा पोचल्यामुळे कॅरेटमागे किती गेले, ते आप्पांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

माझी चूक कल्पनेतच होती. मोबाईल म्हणजे पेटी, असे मी समजत होते. दोन फोन म्हणजे दोन पेट्या. एकीतून काढले म्हणून दुसरीतले जाईल कसे? प्रत्यक्षात खात्यात साठवलेल्या नावांची मूळ यादी दोन्ही फोनांपैकी कुठेच नसते. ती दूर कुठेतरी असलेल्या कंपनीच्या संगणकावर असते आणि फोनमध्ये असतो तिचा उतारा. ‘उतारा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते, कारण आपणा शेतकऱ्यांच्या मुलांना ही व्यवस्था जन्मापासून ठाऊक आहे. तिचे नाव सातबारा.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. जमीन आज कोणाच्या नावे आहे आणि तिच्यात कोणते पीक उभे आहे, एवढे तो सांगतो. परंतु सातबाऱ्यावर थेट कोणी काही बदलत नाही. आजोबा वारले, वारसांची नावे लावायची आहेत. तर आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक घालून नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतर सातबाऱ्यावरचे नाव बदलते. सातबारा म्हणजे आजची स्थिती, आणि त्या स्थितीपर्यंत आपण कसे आलो याचा इतिहास फेरफारात.

मोबाईलचा मेळ याच पद्धतीने चालतो. माझ्या यादीत तीनशे नावे असली, तरी फोन दर वेळी तीनशे नावे पाठवीत नाही. तो फक्त फेरफार पाठवतो: अमुक नाव घातले, अमुकचा नंबर बदलला, अमुक पुसले. दूरचा संगणक त्याची नोंद घेतो आणि फोनला एक खूण देतो. पुढच्या वेळी फोन ती खूण दाखवून विचारतो, ‘या नोंदीनंतर काय काय झाले?’ आणि तेवढेच फेरफार उतरवून घेतो. आप्पांच्या फोनने त्या रात्री हेच केले. माझ्याकडून गेलेले ‘पुसले’, ‘पुसले’, ‘पुसले’ असे फेरफार त्याने प्रामाणिकपणे उतरवून घेतले. यंत्राने आपले काम चोख केले होते. फरक इतकाच की येथे नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही आणि मंडळ अधिकारीही नाही.

ही सोय तशी नवी नव्हे. १९९६ साली अमेरिकेत पाम पायलट नावाचे खिशात मावणारे यंत्र निघाले. ते एका बैठकीवर ठेवून बटण दाबले की त्यातील नावे व कामांच्या नोंदी संगणकाशी जुळत. पुढे प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी झाल्याने २००० साली नोकिया, मोटोरोला, आयबीएम वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन सिंक-एमएल नावाची सामाईक भाषा ठरविली. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला, तो थेट खात्याशीच जोडलेला. अॅपलनेही २०११ मध्ये आयक्लाउड आणून तार जोडण्याची गरज संपवली. सोय वाढली यात शंका नाही. पण तार जोडताना माणूस निदान समोर बसलेला असे, आणि दोन यंत्रे आता जुळणार आहेत हे त्याला डोळ्यांनी दिसे.

रेंज नसेल तर काय? घाटमाथ्याकडच्या गावांतून येणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हा प्रश्न नेहमीचा. फोन तेव्हा बदल आपल्याजवळ दाबून ठेवतो आणि राजूर किंवा अकोले आले की एकदम पाठवतो. तोवर दुसऱ्या यंत्रावर त्याच नोंदीत कोणी वेगळा बदल केलेला असला, तर एका गटावर दोन फेरफार! अशा वेळी काही व्यवस्था सरळ नंतरचा बदल खरा धरतात आणि आधीचा गुपचूप जातो. फाईलींचा मेळ घालणारे ड्रॉपबॉक्स मात्र दोन्ही प्रती ठेवते आणि एकीच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे लिहिते. घरात दोन-दोन फाईली दिसल्या की आपण वैतागतो. पण मला विचाराल तर हीच रीत सचोटीची. निर्णय माणसावर सोडलेला असतो.

दोन प्रती वेगळ्या झाल्या की त्या पुन्हा जुळवणे किती जिकिरीचे, याचे मोठे उदाहरण आपल्या राज्याने पाहिले आहे. सातबारा संगणकावर चढविला गेला, तेव्हा हस्तलिखित सातबाराही चालूच होता. कुठे अक्षर चुकले, कुठे क्षेत्राचा आकडा, कुठे जुनी नोंद चढलीच नाही. एकाच जमिनीचे दोन सातबारे, आणि दोन्ही सरकारी! ते तंतोतंत जुळविण्यासाठी महसूल खात्याने संगणकात दुरुस्तीच्या खास सोयी केल्या आणि २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झाले. म्हणजे संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने उभे राहून ‘हे चुकले’ म्हणायचे. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उरलेल्या लेखनचुकांसाठी जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहेच. माझ्या मते या सगळ्यात चावडी वाचन हा सर्वांत शहाणपणाचा भाग. दोनपैकी कोणती प्रत खरी, हे संगणक सांगू शकत नाही. ते ज्याचे त्यालाच ठाऊक असते.

आता तर शेतकरी स्वतःच आपल्या मोबाईलवरून या दप्तराशी जोडला गेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा असतो आणि ती नोंद पुढे नमुना १२ मध्ये जाते. या अॅपच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आपली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सवड आली. ती ठेवणाऱ्याला माणसांच्या चुकांची चांगली ओळख असावी.

आमची नावे परत मिळाली, तीही अशाच सवडीमुळे. चौथ्या दिवशी मी महाविद्यालयाच्या संगणकावर खाते उघडले. गुगलच्या यादीत मागच्या ३० दिवसांतील कोणत्याही वेळेपर्यंत बदल मागे घेता येतात. ते केले आणि ‘कॅरेटवाला’ परत आला. पण येथेही एक मेख आहे. यादी मागे जाते ती सगळीच. मधल्या चार दिवसांत मी घातलेली दोन नवी नावे त्यात गेली. (सार्वजनिक संगणकावर खाते उघडले तर उठण्यापूर्वी ते बंद करावे. मी एकदा विसरले होते.)

मग दोघांची यादी वेगळी करायची होती. यासाठी व्हीसीएफ नावाची फाईल असते. निवडलेली नावे व नंबर तिच्यात उतरतात आणि ती कोणत्याही फोनला वा संगणकाला वाचता येते. आप्पांसाठी नवे खाते उघडले, त्यांची नावे फाईलमधून त्यात घातली आणि मगच त्यांच्या फोनवरून माझे खाते काढले. माझ्या यादीतून नावे पुसली ती सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला असता तर पुन्हा तीच गत.

ती फाईल मी पेन ड्राईव्हवरही ठेवली आहे. मेळ घालणे आणि जपून ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या चाळीस कॅरेटांनी शिकवले. जोडलेल्या प्रतीत नवे नाव जसे पोचते, तशी चूकही पोचते, आणि तितक्याच वेगाने. त्या दिवशी पेटीतली डायरी उपयोगी पडली, ती कशालाच जोडलेली नव्हती म्हणून. अर्थात तिच्यातला नंबर जुना झाला होता, तोही त्याच कारणाने.

दिवाळीच्या सुट्टीत नवी डायरी आणून आम्ही बसलो. आप्पा फोनमध्ये बघून नंबर वाचत होते, मी लिहीत होते. पिकअपवाला पहिल्या पानावर. मध्येच एक नाव चुकले म्हणून मी खोडले, तर आप्पांनी हात धरला आणि विचारले, “इथं खोडलं तर फोनातलं जात नाही ना?”